डाव्या हाताची मूठ

१

अक्षर वाकडं आहे, ते तेवढं सांभाळून घ्या. मी उजव्या हाताचा माणूस आहे आणि हे डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा हात मोकळा नाही. का नाही ते ओघात येईलच.

मी पिस्तुलं बनवतो. मोंटानाच्या या खोऱ्यात घरोघरी कुऱ्हाड असते तशी बंदूकही असते, त्यामुळे माझ्या धंद्याचं इथे कुणाला अप्रूप नाही. तयार माल दुकानात मिळतो. माझ्याकडे येतात ते स्वतःच्या हाताच्या मापाचं एकच पिस्तूल, एकदाच, करून घ्यायला. बरेच दिवस वाट बघावी लागते आणि माझी कुरकुरही ऐकावी लागते. तरी येतात.

माझं नाव झालं ते चापामुळे. इतका हलका आणि स्वच्छ चाप या बाजूला दुसरा कुणी बसवत नाही. आधी काहीच लागत नाही, आणि मग सुटलेलाच असतो. लोक म्हणत, "रुबेन ल्युंडचा चाप ओढावा लागत नाही, नुसती इच्छा करावी लागते." हे ऐकलं की मी खाली मान घालून कानस घासत राही, पण आतून फुगत असे. खोटं कशाला बोलू?

माझा दिवस ठरलेला. सकाळी कामाच्या खोलीतली शेगडी पेटवायची, रेडिओवर गुरांचे भाव ऐकायचे आणि कामाला लागायचं. घर आणि ही खोली यांच्यामध्ये एक छपराचा बोळ आहे. आर्डिस, माझी बायको, तो बोळ ओलांडून कधी इकडे येत नाही. तिला तेलाच्या वासाने डोकं चढतं. जेवण तयार झालं की स्वयंपाकघरातून पातेल्यावर पळी वाजवते. मी हातचं काम टाकून गेलो नाही, तर दुसऱ्यांदा वाजते ती पळी वेगळी असते.

मला हे काम टॉलेफ नावाच्या म्हाताऱ्याने शिकवलं. त्याचा एक नियम होता. मूठ कापायची ती जिवंत हात समोर बसवून. गिऱ्हाइकाच्या तळव्याला दिव्याची काजळी लावायची आणि लाकूड धरायला द्यायचं. लाकडावर जिथे काळं उमटेल तिथे लाकूड हाताला टोचतं आहे असं समजायचं. तेवढंच कानसायचं आणि पुन्हा काजळी लावायची. काळं सगळीकडे सारखं उमटलं की मूठ झाली. "हात समोर नसला तर कानस उचलू नकोस," टॉलेफ म्हणायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. लाकूड फुकट जातं म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो.

२

मिस्टर वेअरिंग आले ते बर्फ पडायला लागल्यावर. उंच माणूस, चांगला कोट, आवाज अगदी मऊ. शेगडीजवळ बसूनही त्यांनी हातमोजे काढले नाहीत.

"डाव्या हातासाठी हवंय," ते म्हणाले. "बाईच्या हातासाठी."

"बाईंना घेऊन या मग. हात बघितल्याशिवाय मी मूठ कापत नाही."

"त्यांना येता येणार नाही." त्यांनी टेबलावर एक लांबट पेटी ठेवून उघडली. आत मेणाचा हात होता. मनगटापासून पुढचा, डावा, काहीतरी धरल्यासारखा अर्धवट मिटलेला. "याच्यावरून चालेल ना?"

मी तो उचलून पाहिला. काम सफाईदार होतं, जरा जास्तच. तळव्यावर एक रेघ नाही. बोटांवर पेरांच्या घड्या नाहीत. नखं नुसती सुचवलेली.

"हा कुणाचा हात आहे?"

"ते अजून ठरायचंय," ते म्हणाले. मला वाटलं, थट्टा करतात. श्रीमंत गिऱ्हाइकांची थट्टा आपल्याला कळत नसली तरी हसायचं असतं, म्हणून मी हसलो.

"पकड घट्ट आहे की सैल? करंगळी दाबून धरतात का? अंगठा कुठे टेकतो? हे मेणावरून काही कळत नाही."

"मिस्टर ल्युंड, तुम्ही एवढे हात पाहिलेत. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." ते उठले. "फक्त चाप तुमचा असू दे. अगदी हलका. ओढला गेला हे तिला कळूसुद्धा नये."

टॉलेफचा नियम मला आठवला नाही असं नाही. आठवला. पण हा माणूस खास माझ्या चापासाठी आला होता. मी होकार दिला.

३

पोलादाचं काम छान झालं. सांगाडा आणि वरचा सरकता भाग एकमेकांत असे बसले की मध्ये कागद जाऊ नये. चापावर तर मी स्वतःच खूश होतो. सांगाड्याच्या मुठीकडच्या भागात, पुढच्या बाजूला जिथे बोटं टेकतात तिथे मी बारीक जाळी कापली. शंकरपाळ्यांसारखे छोटे चौकोनी दाणे, अंगठ्याने चाचपले तर टोचावेत पण बोचू नयेत. ही जाळी प्रत्येक कारागिराची वेगळी असते. माझी मी अंधारातही ओळखीन.

मग अक्रोडाचं लाकूड घेऊन मूठ सुरू केली. मेणाच्या तळव्याला काजळी फासली, लाकूड त्या अर्धवट मिठीत बसवलं, काढलं. काळं उमटलं, पण त्यावरून काहीच समजेना. मेण ते मेणच. त्याला सवय नसते, दुखणं नसतं, लहर नसते. बोटं जाड की थकलेली, हे त्याला ठाऊक नसतं.

तेव्हा माझ्यासारखा कुणीही करील तेच मी केलं. हात समोर नाही म्हटल्यावर जो हात मला सगळ्यात जास्त ठाऊक आहे तो मनात आणला आणि त्या हिशेबाने कापू लागलो. आर्डिस डावरी आहे. करंगळी लहानपणी गोठ्याच्या दारात सापडून आत वळलेली. अंगठ्याखालचा उंचवटा भरदार, पोळ्या लाटून लाटून झालेला. हे मी ठरवून केलं नाही. हातच तसा चालत होता. दुपारपर्यंत मुठीला असा आकार आला की मी स्वतःशीच शीळ घातली.

पळी वाजली. मी हात धुऊन जेवायला गेलो. आर्डिसने हरणाच्या मांसाचा रस्सा वाढला आणि पावाची टोपली पुढे केली. डाव्या हाताने. तिचा डावा खांदा घोड्यावरून पडल्यापासून आखडलेला आहे, हात छातीच्या वर जात नाही, पण टोपली सरकवण्याएवढा चालतो.

तिच्या तळव्याला काळं लागलं होतं.

"अगं, शेगडी साफ केलीस का?"

"आज कुठे? का रे?" तिने तळवा पाहिला. "अय्या, हे काय! पातेल्याचं असेल." आणि तिने ॲप्रनला हात पुसला.

पातेल्याचं काळं पसरतं, फरकाटतं. हे ठिपके होते. अंगठ्याखाली एक, मधल्या बोटाच्या मुळाशी एक, वळलेल्या करंगळीच्या आतल्या अंगाला एक लांबट. तेच ठिपके मी सकाळभर लाकडावर पाहत होतो.

मी रस्सा खाल्ला. माणूस दिवसभर एकाच गोष्टीकडे बघत बसला की तीच सगळीकडे दिसते, असं मी मनाला सांगितलं. माझं मन तसं ऐकणारं आहे.

४

क्लीट आमचा शेजारी. त्याच्या गाई माझ्या कुंपणात आणि तो माझ्या शेगडीजवळ, असं आमचं जुनं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी आला, माझी कॉफी ओतून घेतली आणि मेणाचा हात बघून म्हणाला, "काय रे, आता बायकांचे हात गोळा करायला लागलास? आर्डिसला सांगू का?"

"कॉफी पी आणि गप्प बस."

"वाकडी करंगळी बघ हिची. आर्डिसची आहे तश्शी."

माझ्या हातातली कानस थांबली. मेणाची करंगळी आत वळली होती. पेटी उघडली त्या दिवशी ती सरळ होती. चारही बोटं कारखान्यातून निघाल्यासारखी एकसारखी होती, म्हणून तर मी नाक मुरडलं होतं.

"शेगडीजवळ ठेवलाय," मी म्हणालो. "मेण उबेने वाकतं."

"वाकेल की. पण एकटी करंगळीच बरी वाकली? आणि गरम झालं तर वितळायला हवं. हा तर नुसता," त्याने हात लावून पाहिला आणि चटकन बोट मागे घेतलं. "नुसता कोमट आहे." मग हसला, पण नेहमीसारखं मोठ्याने नाही. कॉफी अर्धी ठेवून, गाईंना चारा टाकायचाय म्हणून गेला. क्लीटने माझी कॉफी अर्धी ठेवलेली मी आजवर पाहिली नव्हती.

तो गेल्यावर मी तो हात खिडकीशी नेला. तळव्यावर रेघा आल्या होत्या. फार बारीक, पण होत्या. तर्जनीच्या बाजूला एक पांढरट चीर होती. आमच्या लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात आर्डिसने डबा उघडताना बोट कापून घेतलं होतं. ती जखम मीच बांधली होती.

मला भीती वाटली, सरळ सांगतो. पण भीतीपेक्षाही आधी शरम वाटली. हा हात कोरा आला होता. तो भरला मी.

५

मी ठरवलं, मूठ बिघडवायची. कुणाच्याही हातात न बसणारा ओंडका करून टाकायचा, वेअरिंगना सांगायचं की लाकूड फाटलं, आणि पुन्हा असल्या कामाच्या वाटेला जायचं नाही. मूठ व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली. मोठी भरड कानस घेतली आणि अंगठ्याखालच्या उंचवट्यावर दाबून एक लांब हात मारला.

घरातून किंकाळी आली.

बोळ मी कसा ओलांडला ते आठवत नाही. आर्डिस ओट्याला टेकून उभी होती. बटाट्याच्या पोळीचं पीठ जमिनीवर पडलं होतं आणि तिने डावा हात छातीशी धरला होता.

"काय झालं? दाखव. आर्डिस, दाखव मला."

"काही नाही रे, काही नाही. कळच अशी आली. आग आग होतेय नुसती." तिने मूठ उघडली. अंगठ्याखाली बोटभर लांबीचा पट्टा लालबुंद झाला होता, कातडी खरवडल्यासारखी. रक्त नव्हतं. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तरी ती माझीच समजूत घालत होती. "वात असेल. पाऊणशे वयाच्या खांद्याला साठीचा हात लागलाय, भांडणारच ते."

मी तिला खुर्चीत बसवलं, हातावर लोणी चोळलं. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मी उठायच्या आत तिने उजव्या हाताने उचलला. ऐकलं, मान डोलावली, "हो, आता बरं आहे, थँक यू," म्हणाली आणि माझ्याकडे फोन दिला. "तुझे वेअरिंगसाहेब. किती मऊ बोलतात रे!"

"सावकाश, मिस्टर ल्युंड," वेअरिंग म्हणाले. "तिला दुखतं."

फोन ठेवल्याचा आवाज आला आणि त्यानंतर नुसती घरघर.

"काय म्हणाले?" आर्डिसने विचारलं.

"कामाचं. तुला काय म्हणाले?"

"हात कसा आहे विचारलं." ती तळव्यावर फुंकर घालत होती. मग थांबली. "तू सांगितलंस होय त्यांना माझ्या हाताचं?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

६

आता ती मूठ जाळता येईना, फेकता येईना, तिला कानस लावता येईना. आर्डिसच्या लोकरी शालीत मी ती गुंडाळली, मेणाचा हातही वेगळ्या कापडात बांधला आणि दोन्ही तिजोरीत ठेवून दिलं. तळहातावरच्या फोडासारखं जपायचं म्हणजे काय, ते मला या वयात कळलं. तिजोरीत ठेवताना शाल टेबलाच्या कोपऱ्याला जराशी लागली, तर मी श्वास रोखून घराकडे कान लावला.

पिस्तुलाचे सुटे भाग वेगवेगळ्या डब्यांत होते. मी ते जोडणार नव्हतो. अर्धं काम म्हणजे पिस्तूल नव्हे, एवढा एकच आधार होता. वेअरिंग येतील तेव्हा सांगीन, होत नाही माझ्याच्याने. मग ते काय करतील ते करोत, मला करोत.

आठवडा गेला. आर्डिसचा हात बरा झाला. क्लीट फिरकला नाही. मी शेगडी पेटवायचो, रेडिओ लावायचो आणि नुसता बसून राहायचो. बसल्या बसल्या मला सांगाड्याची आठवण झाली.

सांगाडा दमट पेटीत टांगलेला होता. पोलाद काळं करायची आमची जुनी पद्धत अशी की त्याला आधी गंजू द्यायचं. वर गंज आणणारं औषध पुसून दमट पेटीत टांगायचं, लाल गंज चढला की उकळत्या पाण्यात घालायचं. लाल जाऊन काळं येतं, ते ब्रशने घासायचं आणि पुन्हा टांगायचं. गंज सगळीकडे सारखा चढायला हवा, म्हणून उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचं तेल लागलं तर तेवढी जागा कोरी राहते आणि बोट जसंच्या तसं उमटतं. वेअरिंगच्या कामात मी शेवटचा हात देऊन तो टांगला होता आणि या सगळ्या गडबडीत विसरलो होतो. फार दिवस राहिला तर पोलाद खड्डे पडून सडतं.

सडू द्यायला हवं होतं. हे आता कळतं. पण आयुष्यभर पोलाद गंजू नये म्हणून डोळ्यांत तेल घातलेला माणूस मी, पाय आपोआप वळले. मी पाणी उकळायला ठेवलं, सुती हातमोजे चढवले आणि पेटीचं झाकण काढलं.

दुपारचं स्वच्छ ऊन खिडकीतून आत येत होतं. बर्फावरून उसळून येणारं ऊन, त्यात लपायला जागा नसते. सांगाडा तारेला लटकत होता. त्याच्यावर सुंदर गंज चढला होता, मखमलीसारखा, सगळीकडे एकसारखा.

मुठीच्या जागी मात्र तो कोरा होता.

एक डावा हात उमटला होता. लहान. अंगठा, तळवा, बोटं, आणि करंगळी आत वळलेली. आठवडाभर पेटीला कुणी शिवलं नव्हतं, तरी तो उमटला होता. हे मला अपेक्षितच होतं असं वाटलं. माणूस कशालाही सरावतो.

पण त्याच्यावरून आणखी एक हात होता.

मोठा. लांब बोटांचा. तिच्या बोटांच्या फटींमधून त्याची बोटं दिसत होती, तिच्या अंगठ्यावर त्याचा अंगठा होता आणि तिची तर्जनी जिथे चापाकडे जाते तिथे त्याचीही तर्जनी वरून गेलेली होती. आमच्या खोऱ्यात पोरांना नेम धरायला असंच शिकवतात. बाप पोराच्या मागे उभा राहतो, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकतो, दोन्ही बाजूंनी हात पुढे आणून पोराच्या हातांवर आपले हात ठेवतो. पोराला वाटतं, मीच धरलंय. वजन सगळं बापाने घेतलेलं असतं.

पातेल्यात पाणी उकळत होतं. मागे बोळात पावलं वाजली.

७

"रुबेन," आर्डिस म्हणाली.

ती दारात उभी होती. या खोलीच्या दारात, जिथे ती कधी येत नाही. पायांत घरातल्या सपाता, ॲप्रनला पीठ. चेहऱ्यावर हसू होतं, लहान मुलीला नवं काही जमलं की येतं तसं.

"रुबेन, बघ ना! हात वर जातोय माझा."

डावा हात तिने समोर धरला होता. खांद्याच्या उंचीवर, सरळ, न थरथरता. वर्षानुवर्षं छातीच्या वर न गेलेला हात. मूठ मिटलेली, पण पूर्ण नाही. आत काहीतरी असावं तेवढी जागा सोडून मिटलेली. तर्जनी बाकीच्या बोटांपासून वेगळी, पुढे ताणलेली. आर्डिसने आयुष्यात पिस्तूल धरलेलं नाही. असं धरायला तिला कुणी शिकवलेलं नाही.

"दुखतच नाहीये. जोरसुद्धा लावावा लागत नाही. असं वाटतं," ती जरा थांबली, "कुणी उचलून धरलाय."

तिच्या मागे बोळ रिकामा होता. तो मी नीट पाहिला, त्यात ऊन पडलं होतं. पण तिच्या उजव्या खांद्यावर ब्लाउजचं कापड दबलं होतं, एका जागी, हनुवटीएवढं. आणि त्या बाजूचे तिचे सुटे केस एकदा हलके हलले आणि मग पुन्हा, श्वास लागावा तसे.

"हलू नकोस," मी म्हणालो. "आर्डिस, जशी आहेस तशी उभी राहा."

"का रे? तुझा चेहरा असा काय झालाय?"

मी तिच्याकडे चालत गेलो. आयुष्यात इतका हळू मी चाललो नसेन. तिची मूठ माझ्या रोखाने फिरत होती, अगदी शांतपणे. मग वळली. तिच्या मनगटाला काय होतंय हे तिला कळत नव्हतं, ती माझ्याकडे बघून हसत होती, आणि मूठ हळूहळू आत वळत होती, तिच्या स्वतःच्या हनुवटीकडे. तर्जनी वाकायला लागली.

मी उजवा हात तिच्या रिकाम्या मुठीत खुपसला.

तो जाईना. मूठ रिकामी दिसत होती आणि भरलेली होती. थंड, गुळगुळीत काहीतरी होतं, वजनदार. माझा अंगठा घसरत तिच्या बोटांखाली गेला आणि दाण्यांवर लागला. बारीक चौकोनी दाणे. टोचणारे, न बोचणारे. माझे.

पुढचं मी विचार करून केलं नाही. हात मागे घेऊन हातमोजा दातांनी ओढून काढला, तर्जनी पुढे सरकवली, जिथे ती असायला हवी तिथे चापाभोवतीची कमान सापडली, आणि चापाच्या मागे जी फट असते तिच्यात मी माझं बोट घुसवलं, पेरापर्यंत. आता कुणालाही चाप मागे खेचता येणार नव्हता.

"अरे, वेड लागलंय का," आर्डिस म्हणाली, पण तिचा आवाज हळू झाला होता. "हात सोड ना."

"नाही," मी म्हणालो.

८

याला आता किती दिवस झाले, मी मोजलेले नाहीत. मी तिचा हात सोडलेला नाही.

त्या बोटाला चाप लागत असतो. दिसत काहीच नाही. आम्ही शेजारी बसून जेवतो, ती उजव्या हाताने, मी डाव्या. झोपतोही तसेच. पहिले दोन दिवस ती चिडली, डॉक्टरला बोलवते म्हणाली. मग एकदा स्वयंपाकघरात ती म्हणाली, "लग्न झालं तेव्हासुद्धा तू इतका वेळ धरला नव्हतास रे," आणि माझ्या खांद्याला डोकं टेकलं. मला रडू आलं. तिने का ते विचारलं नाही. मला कधी कधी वाटतं, तिला सगळं ठाऊक आहे.

रविवारी चर्चमध्ये क्लीट आम्हाला असं बघून मोठ्याने म्हणाला, "बघा, बघा, नवी जोडी!" लोक हसले. मग तो जवळ आला आणि आमच्या हातांकडे बघितलं. त्याचं हसू तिथेच राहिलं. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो बाहेर गेला.

मूठ, मेणाचा हात, चाप, नळी, सगळं अजून तिजोरीत आणि डब्यांत आहे. मी एका हाताने उघडून पाहिलं. सांगाडा त्या पेटीतच लटकतो आहे, सडला असेल. त्याने काही फरक पडलेला नाही.

मिस्टर वेअरिंग आलेले नाहीत. फोनही आलेला नाही. त्यांना यायची गरज नाही, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. काम त्यांना पोचलेलं आहे.

झोपेत तिचं मनगट वळतं. मी ते परत वळवतो. माझं बोट सुजलंय, पेरापाशी काळंनिळं झालंय आणि त्याला आता नीट काही लागत नाही. तीच मला धास्ती होती, की एक दिवस बोट बधिर होईल आणि जागेवरून सुटलं तरी मला कळणार नाही.

आज सकाळी आर्डिस पावाला लोणी लावत होती आणि गुणगुणत होती. तेव्हा पहिल्यांदा चापावर दाब आला. जोराचा नाही. कुणीतरी फक्त बघत होतं, बोट अजून तिथे आहे का ते. मग सोडलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं.

घाई त्याला नाही. चाप त्याला माझाच हवा होता, आणि तो मी किती हलका केलाय ते मला ठाऊक आहे.